अर्धी पाहिलेली मालिका

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक लवकर आटोपली. हप्ते जमा झाले, वहीत नोंद झाली, सह्या-अंगठे झाले. चहा उकळत होता. तेवढ्यात एकीच्या लेकाने अंगणात गरागरा गिरकी घेतली आणि कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, हा तर शक्तिमान!" मग काय, कर्जाचा विषय बाजूला राहिला आणि लहानपणीचा टीव्ही सुरू झाला. कोणाला रविवारची दुपार आठवली, कोणाला चष्मा घातलेला गंगाधर आठवला. मी विचारलं, "आणि कॅप्टन व्योम?"

सगळ्या गप्प. जरा वेळाने एक जण म्हणाली, "चकचकीत कपडे घालायचा तो का? यानातून फिरायचा?" पुढचं कोणालाच सांगता येईना. खरं सांगते, मलाही येईना.

म्हणून आज हाच विषय घेतला आहे. आपण लहान असताना दूरदर्शनवर अंतराळाच्या, यानांच्या मालिका लागायच्या. त्या आपण अशा अर्ध्यामुर्ध्या का विसरलो, दुसरीकडे अशीच एक हरवलेली मालिका साध्या माणसांनी कशी जपली, आणि त्यातून आपण बायकांनी काय घ्यायचं, ते सांगते.

आधी विज्ञानकथा म्हणजे काय ते बघू. परीकथेत राजकन्या उडत्या गालिच्यावर बसली की उडते, कसं ते कोणी विचारत नाही. विज्ञानकथेत तसं चालत नाही. तिथे उडायला यान लागतं. आज जे माहीत आहे त्याच्या आधाराने "उद्या असं झालं तर?" असा प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर गोष्टीतून द्यायचं, ही विज्ञानकथा. मराठीत डॉ. जयंत नारळीकरांनी अशा कथा लिहिल्या. त्यांचं 'यक्षांची देणगी' हे पुस्तक पुष्कळ वाचनालयांत असतं.

टीव्हीवर अशा गोष्टी दूरदर्शनने आणल्या. १९८० नंतरच्या काळात अमेरिकेची 'स्टार ट्रेक' दाखवली. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ या काळात झाली होती, आपल्याकडे पोचायला इतकी वर्षं लागली. जपानची एक मालिका होती, त्यात एक लहान मुलगा मनगटी घड्याळात बोलून प्रचंड मोठ्या यंत्रमानवाला हुकूम सोडायचा. पुढे १९८९ च्या सुमाराला आपल्या देशात तयार झालेल्या मालिका आल्या. 'स्पेस सिटी सिग्मा'मध्ये अंतराळातली वसाहत होती. 'इंद्रधनुष'मध्ये मुलं कॉम्प्युटर तयार करतात आणि त्यातून मागच्या काळात जातात. पुढे मोठे झालेले करण जोहर आणि ऊर्मिला मातोंडकर यांनी त्यात लहान वयात काम केलं होतं.

आणि १९९८ मध्ये आला 'कॅप्टन व्योम'. व्योम म्हणजे आकाश. गोष्ट होती २१२३ सालातली. गुरू ग्रहाच्या एका चंद्रावरच्या तुरुंगातून बारा अट्टल गुन्हेगार पळतात आणि व्योम एकेकाला शोधून पकडतो. हे काम मिलिंद सोमण यांनी केलं होतं. मालिका केतन मेहता यांची. तुमच्यापैकी कोणी स्मिता पाटीलचा 'मिर्च मसाला' पाहिला असेल, सुभेदाराच्या डोळ्यांत तिखट उधळणाऱ्या बायांचा, तो सिनेमाही यांचाच. आपल्यातल्या मसाला करणाऱ्या गटांनी तरी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९९८ मध्ये मी अकरा वर्षांची होते. आमच्या आळीत एकच टीव्ही, चुलत आजोबांच्या घरी. ब्लॅक अँड व्हाइट. चित्र नीट यावं म्हणून एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" पुढे मुलगे बसायचे, मागे मुली, आणि मी उंबऱ्यात. कारण हाक आली की उठायला सोपं. हाक यायचीच. पाणी आलंय. धाकटा रडतोय. धुणं वाळत घाल. व्योम यानात बसायचा आणि मी हंडा उचलायचे. परत येईपर्यंत गुन्हेगार पकडलेला असायचा, नाहीतर लाईट गेलेली असायची.

तो कसा पकडला, हे भावांना विचारायचं. ते सांगायचे, पण मीठमसाला लावून.

त्या दिवशी बैठकीत हे बोलले तर चार-पाच जणी म्हणाल्या, "आमचंही असंच." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या मालिका आपण अर्ध्या विसरलेल्या नाहीत. आपण त्या पाहिल्याच अर्ध्या. सुरुवात पाहिली असेल तर शेवट नाही, शेवट पाहिला तर मधलं नाही. मग आठवायला पूर्ण गोष्ट आणायची कुठून?

आठवणीची आणखी एक गंमत सांगते. घड्याळात बोलणारा तो मुलगा कॅप्टन व्योममध्येच होता, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण ती तर जपानची मालिका, आमच्याकडे टीव्ही यायच्या आधीची. मी ती कधी पाहिलीच नव्हती. नऊ वर्षांनी मोठ्या चुलत भावाने तालुक्याला पाहून आम्हाला सांगितली होती. त्याने सांगितलेलं माझ्या डोक्यात चित्र होऊन बसलं. आणि व्योमचे कपडे चंदेरी होते असं मी छातीठोक सांगायचे, पण आमच्या टीव्हीवर गाय, गवत आणि पुढारी सगळंच चंदेरी दिसायचं. आठवण ही पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखी जशीच्या तशी राहत नाही. दर वेळी आपण ती नव्याने जुळवतो, आणि जिथे भोक असेल तिथे दुसऱ्या कापडाचा तुकडा लावतो.

मग खरी गोष्ट कुठे मिळणार? ज्यांनी मालिका काढली त्यांच्याकडे असेल, असं आपल्याला वाटतं. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण, महाभारत आणि शक्तिमान पुन्हा दाखवले, तेव्हा आपण मुलाबाळांना घेऊन पाहिलेच. पण सगळ्या मालिकांचं नशीब असं नसतं. यासाठी तुम्हाला जरा लांब, इंग्लंडला घेऊन जाते.

तिथे बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ ला 'डॉक्टर हू' नावाची मालिका सुरू केली. एक विचित्र म्हातारा आणि त्याचं काळातून पुढे-मागे जाणारं यान. बाहेरून ते यान रस्त्यावरच्या पोलिसांच्या खोक्यासारखं दिसायचं, आत मात्र भलंमोठं. मालिकेची निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट, वय २७. त्या काळात अशा जागेवर बाई असणं हेच नवल. पहिल्या गोष्टीचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन, जन्म आपल्या लखनौचा. आणि सुरुवातीचं ते अंगावर काटा आणणारं संगीत? चाल रॉन ग्रेनर यांची. पण ती प्रत्यक्षात वाजती केली डेलिया डर्बीशायर या बाईने. आजच्यासारखी यंत्रं तेव्हा नव्हती. एकेक आवाज टेपवर घ्यायचा, टेप पात्याने कापायची, तुकडे जोडायचे. आपण गोधडीला तुकडे जोडतो तसे. तिचं नाव मात्र पडद्यावर येत नव्हतं. २०१३ मध्ये मालिकेला पन्नास वर्षं झाली, त्या खास भागात ते आलं. ती २००१ मध्येच वारली होती.

एवढी गाजलेली मालिका, पण तिचे सुरुवातीच्या काळातले नव्वदहून जास्त भाग हरवले. आग लागली नाही, चोरी झाली नाही. बीबीसीनेच पुसले. तेव्हा चित्रीकरणाची टेप फार महाग असायची. एकदा दाखवून झालं की पाटी पुसून पुन्हा लिहावं तशी तीच टेप दुसऱ्या कार्यक्रमाला वापरायची. परदेशात विकायला फिल्मवर प्रती काढल्या होत्या, त्याही पुष्कळशा जागा अडते म्हणून नष्ट केल्या. मुलांची मालिका, ती पुन्हा कोण बघणार, असाच हिशोब होता.

आता ऐका. भाग हरवले, पण त्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज शिल्लक आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो कोणी ठेवला? घरी बसून बघणाऱ्या पोरांनी. टेपरेकॉर्डर टीव्हीजवळ ठेवायचा, माईक पुढे धरायचा आणि घरातल्यांना सांगायचं, कोणी बोलू नका. चित्र धरून ठेवायची सोय त्यांच्याकडे नव्हती, आवाजाची होती. आवडलेली गोष्ट पुन्हा ऐकता यावी, एवढाच हेतू. जे मोठ्या संस्थेने टाकून दिलं, ते या पोरांच्या कपाटात राहिलं. पुढे त्याच आवाजावर नवी चित्रं काढून काही भाग पुन्हा तयार केले गेले.

काही भाग तर सापडलेसुद्धा. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात, जोस गावच्या एका टीव्ही केंद्राच्या कोठीत जुन्या फिल्म पडून होत्या. त्यांत हरवलेले नऊ भाग निघाले. २०१३ मध्ये ही बातमी जाहीर झाली. एका घरचं भांडं शेजारच्या घरी राहावं आणि वीस वर्षांनी तिथेच मिळावं, तसं झालं.

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? कारण पुसण्याचं काम मीही केलं आहे.

आमच्या एका गटात थोरल्या काकू होत्या. गट सुरू करणाऱ्या चार जणींपैकी एक. पहिल्या हप्त्याचे दहा रुपये त्यांनी अंडी विकून, नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. गटाला गावातून विरोध कसा झाला, बँकेत पहिल्यांदा पाऊल टाकताना हात कसा कापला, हे सगळं त्यांनी मला रेडिओसाठी सांगितलं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बोलल्या. मी मोबाइलवर आवाज घेतला. कार्यक्रमात चार मिनिटंच वापरली. मग दिवाळीच्या फराळाचे फोटो काढायचे होते, मोबाइल म्हणाला जागा नाही. मी वरून खाली बघत गेले आणि जे मोठं होतं ते पुसलं. मला वाटलं, कार्यक्रम तर झाला, आता हे कोण ऐकणार?

पुढच्या श्रावणात काकू गेल्या. त्यांची नात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, आजीचं ते सगळं बोलणं देता का?" मी तिला चार मिनिटं दिली. बाकीचं काय झालं तेही खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. जाताना तिने तिच्या मोबाइलवरचा एक आवाज ऐकवला. काकूंनीच कधीतरी पाठवलेला, काही सेकंदांचा. "येताना दळण घेऊन ये गं, आणि पिशवी नीट बांध." तिने तो दोन जणांकडे पाठवून ठेवला होता, स्वतःचा मोबाइल बिघडला तर असावा म्हणून. बी.ए. झालेल्या मला जे सुचलं नाही, ते नववीतल्या पोरीला सुचलं.

सख्यांनो, आपल्या गटांचं इतिवृत्त असतं. त्यात ठराव असतात, रकमा असतात. पण हात कापला होता, हे त्यात कोणी लिहीत नाही. तेव्हा एवढं करा. दर महिन्याच्या बैठकीनंतर एका सखीला दहा मिनिटं बोलू द्या, आणि मध्ये तिला पाण्यासाठी कोणी उठवू नका. विषय कोणताही चालेल. लहानपणी पाहिलेली मालिकासुद्धा. मोबाइल तिच्याजवळ ठेवा, पंखा बंद करा. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी कोणाचा आवाज ते कळणार नाही. नंतर तो आवाज कमीत कमी दोन ठिकाणी ठेवा, एक सचिवाकडे आणि एक तिच्या घरी. पण तिला विचारून. कोणतं ऐकवायचं आणि कोणतं घरातच ठेवायचं, हे तिने ठरवायचं.

आमच्या गटाने सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाच जणींनी मिळून कॅप्टन व्योमचा एक भाग सांगितला. एकीने सुरुवात पाहिली होती, एकीने शेवट. मधलं तिघींनी रचलं. खरा भाग तसा होता की नाही, देव जाणे. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मध्ये न उठता मी एक भाग पूर्ण ऐकला.

तारीख आणि पाचही नावं सुरुवातीला बोलून ठेवली आहेत. दोन ठिकाणी जपलं आहे.