‘सिस्टर, तुम्ही नवीन आहात का?’

सलाईन लावायला आलेल्या तरुण नर्सला रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहल कमी आणि धास्ती अधिक असते. ही धास्ती कितपत खरी? याचे उत्तर आम्हा डॉक्टरांपेक्षा, वॉर्डात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या सिस्टरच नीट देऊ शकतात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि गल्लोगल्लीची नर्सिंग होम्स हा सारा पसारा त्यांच्याच जिवावर चालतो. शिवाय पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या रुग्णालयांत जाणाऱ्या आहेत त्या वेगळ्याच. अशा अनेकींशी वेळोवेळी जे बोलणे झाले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

‘हल्लीच्या मुलींना काही येत नाही’ असेच त्या म्हणतील, अशी माझी अटकळ होती. तसे फारसे कोणी म्हटले नाही. काचेच्या सिरिंज उकळून वापरण्याच्या काळात शिकलेल्या सिस्टरसुद्धा कबूल करतात की, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावण्याची शिस्त नव्या मुलींच्या अंगात जास्त मुरली आहे. मॉनिटर आणि इन्फ्युजन पंपही त्यांना चटकन समजतात. २०२० साली कोविडच्या वॉर्डात पीपीई किट घालून उभ्या राहिलेल्यांत नुकत्याच कामाला लागलेल्या मुली कितीतरी होत्या.

जुन्या सिस्टरना भीती वाटते ती दहा वेळा विचारणाऱ्या मुलीची नव्हे, एकदाही न विचारणाऱ्या मुलीची!

इन्सुलिनचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, तर पेनमधल्या कार्ट्रिज १०० युनिटच्या. ४० च्या सिरिंजला लाल टोपण असते, १०० च्या सिरिंजला नारिंगी. कार्ट्रिजमधले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन तर याहून घातक. ते सलाईनमध्ये पातळ करून सावकाश द्यायचे असते. तसेच थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडू शकते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाठांतर प्रत्येक विद्यार्थिनीचे झालेले असते. पण रात्री दोन वाजता दोन खाटांवरचे रुग्ण एकदम हाका मारू लागले की पाठांतराची परीक्षा होते. त्या वेळी ‘सिस्टर, जरा हे बघता का?’ एवढे म्हणण्याचे धैर्य हवे.

मग मुली विचारत का नाहीत? बोलणी बसतात म्हणून. काही ज्येष्ठ सिस्टर प्रांजळपणे सांगतात की, आम्ही इन्चार्जच्या धाकात शिकलो आणि तोच धाक पुढे चालवला. डॉक्टर मंडळीही यातून सुटत नाहीत. फोनवर दिलेली ऑर्डर नर्सने पडताळणीसाठी परत म्हणून दाखवली की चिडणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. आमच्यातल्या अनेकांच्या अक्षराबद्दल तर न बोललेलेच बरे!

नव्या मुलीचे खरे शिक्षण होते ते ‘ओव्हर’च्या वेळी. पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला रुग्णांची माहिती देते, त्याला वॉर्डात ओव्हर देणे म्हणतात. हे टेबलापाशी कागद वाचून उरकू नये, प्रत्येक खाटेजवळ उभे राहून व्हावे, असा जुन्या सिस्टरचा आग्रह असतो. लघवी किती झाली, सलाईनची जागा सुजली आहे का, पाठ लाल दिसते का, हे कागदावरून कळत नाही. पाठीची लाली वेळीच दिसली आणि रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून दिली, तर शय्याव्रण बहुतांशी टळतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४२ वर्षे त्या अंथरुणावरच होत्या. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ न देणाऱ्या परिचारिकांचे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात कौतुक केले. या काळात कितीतरी सिस्टर निवृत्त झाल्या, हल्ल्याच्या वेळी जन्मही न झालेल्या मुली त्यांच्या जागी आल्या आणि जुन्यांच्या हाताखाली तीच शुश्रूषा शिकल्या.

नातेवाइकांनीही थोडे लक्षात घ्यावे. ओव्हर चालू असताना मध्येच हाका मारू नयेत, तातडीचे असेल तर गोष्ट वेगळी. औषध देण्यापूर्वी नर्स पुन्हा नाव विचारते तेव्हा ‘सकाळीच सांगितले की’ असे न म्हणता पूर्ण नाव सांगावे. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी प्रशिक्षित नर्स असतेच असे नाही. म्हणून नर्सिंग होममध्ये ‘नवीन आहात का?’ यापेक्षा ‘महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे ना?’ हे व्यवस्थापनाला विचारणे अधिक उपयोगाचे.

आणि जे घरीच इन्सुलिन टोचून घेतात, त्यांनी आजच बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवर ४० हाच आकडा आहे ना, ते पाहावे. जुळत नसेल तर दोन्ही वस्तू घेऊन केमिस्टकडे किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. पेनच्या कार्ट्रिजमधले औषध सिरिंजने काढू नये.