जिवंत अग्नी : कार्पेथियन डोंगरातील एक प्रथा

युक्रेनच्या नैर्ऋत्य भागात कार्पेथियन पर्वताची रांग आहे. तिच्या उतारांवर हुत्सूल नावाचे स्लाव्ह लोक राहतात. मेंढ्या आणि गुरे पाळणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. मे महिन्यात बर्फ वितळले की गावातली जनावरे एकत्र करून डोंगरमाथ्यावरच्या कुरणांत न्यायची आणि थंडी पडू लागली की खाली आणायची, हा त्यांचा क्रम. या कुरणांना ते 'पोलोनिना' म्हणतात.

कुरणावर पोहोचल्यावर मेंढपाळांच्या प्रमुखाचे पहिले काम असे आग पेटवण्याचे. काडेपेटी माहीत असूनही ती वापरायची नाही. सुके लाकूड लाकडावर घासूनच आग काढायची. या आगीला 'झिवा वात्रा', म्हणजे जिवंत अग्नी, असे नाव होते. त्यातला 'झिवा' आणि आपला 'जीव' हे शब्द एकाच मुळातून आले आहेत. इतर स्लाव्ह भाषांत आगीला असलेला 'ओगोन्' हा शब्दही आपल्या 'अग्नी'चा भाऊबंदच. ही आग सांभाळायला एक माणूस नेमलेला असे. कळप खाली उतरेपर्यंत ती विझू द्यायची नाही. विझली तर तो मोठा अपशकुन.

ल्विव शहरातील शिक्षक व्होलोदिमिर शुखेविच यांनी हुत्सूल लोकजीवनाची माहिती गोळा करून १८९९ ते १९०८ या काळात ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एका शिक्षकाने केलेले हे काम आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. कोत्स्युबिन्स्की यांच्या १९११ सालच्या प्रसिद्ध लघुकादंबरीतही या अग्नीचे वर्णन आहे.

घर्षणातून आग कशी निघते?

समजा, लाकडी दांडा फळीवर सुमारे ५ किलो वजनाच्या भाराने दाबून धरला आहे. घर्षणाचा जोर २० न्यूटन आणि घासण्याचा सरासरी वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर दर सेकंदाला १० ज्यूल, म्हणजेच १० वॅट उष्णता निर्माण होते. ही उष्णता अगदीच थोडी. पण ती एक-दोन चौरस सेंटिमीटर जागेत साठते. लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे; लोखंडाच्या तुलनेत त्याची वाहकता काही शे पटींनी कमी. त्यामुळे उष्णता पसरून जात नाही आणि त्या ठिकाणचे तापमान भराभर चढते. दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान लाकडाचे विघटन होऊन धूर निघू लागतो आणि काळी भुकटी पडते. तापमान चारशे अंशांच्या आसपास गेले की ही भुकटी निखाऱ्यासारखी धुमसू लागते. सुक्या गवतात ठेवून फुंकर घातली की ज्योत!

आता लाकूड ओले असेल तर? एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात. आपली १० वॅटची सगळी उष्णता त्यासाठी जवळजवळ चार मिनिटे खर्ची पडेल, आणि तोपर्यंत हात दुखून येतील. पावसाळी डोंगरावर अशी आग काढणे किती कष्टाचे असेल याची यावरून कल्पना येते. दुधाचे चीज करायला, ऊब मिळवायला आणि रात्री लांडग्यांना दूर ठेवायला आग तर हवीच. तेव्हा 'विझू देऊ नका' या नियमामागे व्यवहारही होता, असे मानायला हरकत नाही.

आपल्याकडे यज्ञासाठी अरणीचे मंथन करून अग्नी काढतात. ताकाच्या रवीसारखा दोरीने फिरवलेला लाकडी दांडा तिथेही हेच काम करतो.

आणि रोगाचे काय?

सर्बिया आणि बल्गेरियातील स्लाव्ह लोकांत या अग्नीचा आणखी एक उपयोग होता. गुरांत साथ आली की गावातल्या सगळ्या चुली विझवत, घर्षणाने नवा अग्नी काढत आणि गुरांना त्या आगीजवळून नेत. मग प्रत्येक घर त्यातूनच आपली चूल पेटवी. प्रथा केवळ स्लाव्हांची नव्हे. आठव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यातील धर्मसभेने अशा अग्नीवर बंदी घातली होती.

गुरे मेली की शेत पडीक आणि घर उपाशी. त्या माणसांची धडपड हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पण उपाय लागू पडत होता का? धुराने माश्या-डास काही काळ दूर राहतील, हे खरे. परंतु बुळकांडीसारखा रोग विषाणूमुळे होतो आणि आजारी जनावराच्या निकट संपर्काने पसरतो. धुराने शरीरातला विषाणू मरत नाही. उलट सगळी गुरे एकत्र आणल्याने रोग पसरायला मदतच होण्याचा संभव.

मग विश्वास टिकला कसा? बुळकांडीतून वाचलेल्या जनावराला पुन्हा तो रोग होत नाही. रोगाला बळी पडू शकणारी जनावरे संपत आली की साथ आपोआप ओसरते. अग्नी पेटवला जाई तो साथ शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर ती ओसरली की श्रेय अग्नीला! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे हे. बुळकांडीचे उच्चाटन झाले ते लस, तपासणी आणि जनावरांच्या हालचालींवरील नियंत्रण यांमुळे. २०११ मध्ये जग या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

वर्गात मुलांना आधी कोरडे तळहात आणि मग ओले तळहात एकमेकांवर घासायला सांगावे. ओल्या हातांना ऊब का येत नाही, याची कारणे त्यांनाच शोधू द्यावीत. त्यानंतर एखादा विद्यार्थी नक्की विचारेल, "सर, पूर्वजांना विज्ञान ठाऊक होते का?" लाकूड कोणते, किती सुके, कसे घासायचे, हे त्यांना अनुभवाने पक्के ठाऊक होते, कारण चूक झाली तर आग लगेच सांगत असे. रोगाबाबत मात्र चूक दाखवून देणारे काही नव्हते. अग्नी न पेटवलेल्या गावाशी तुलना करून पाहण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. ती तुलना करून पाहण्याची सवय मुलांना लागली, तर हा तास सत्कारणी लागला असे समजावे.