राजकुमारीला सोडवणार कोण? तीच की!

लोकलमध्ये उभे असाल, हेडफोन घरी राहिले असतील, तर हा एपिसोड वाचूनच घ्या. बोललो तसाच लिहिलाय, फक्त माझे ‘अं… म्हणजे…’ कापलेत.

एक सीन सांगतो. आई छोट्या मुलीला गोष्ट वाचून दाखवतेय. मनोऱ्यात कोंडलेली राजकुमारी, बाहेर पहाऱ्याला ड्रॅगन, सोडवायला राजपुत्र, वगैरे. मुलगी मध्येच थांबवते आणि गोष्टीतल्या चुका काढायला लागते. कोड रिव्ह्यूमध्ये एक जण असतो ना, डिट्टो तशी! आणि पुढे सोळाव्या वाढदिवसाला ह्याच मुलीला स्वतःचे आईबाबा मनोऱ्यात नेऊन टाकतात.

ही ‘प्रिन्सलेस’ची सुरुवात. जेरेमी व्हिटलीने लिहिलेली अमेरिकन कॉमिक मालिका, 2011 पासूनची. पहिल्या भागाची चित्रं एम. गुडविनची. नायिका एड्रिएन कृष्णवर्णीय आहे, आणि ते मुद्दाम आहे. व्हिटलीला आपल्या मुलीसारखी दिसणारी राजकुमारी पुस्तकात हवी होती.

एड्रिएनला पलंगाखाली तलवार सापडते. मग ती काय करते? पहाऱ्यावरच्या ड्रॅगनशीच गट्टी जमवते. त्याचं नाव स्पार्की (ड्रॅगनला हे नाव, मी तिथेच हसलो). त्याच्या पाठीवर बसून निघते, आपल्या सहा बहिणींना सोडवायला. त्याही अशाच कुठे कुठे कोंडलेल्या. गंमत म्हणजे चिलखतातली एड्रिएन बापाला ओळखूच येत नाही. त्याला वाटतं, ह्या कोण्या योद्ध्याने माझी मुलगी मारली. तो तिच्याच मागे माणसं लावतो!

माझा सगळ्यात आवडता भाग चिलखताच्या दुकानातला. बेडेलिया नावाची लोहार मुलगी एड्रिएनला ‘खास योद्ध्या स्त्रियांसाठी’ असलेला माल दाखवते. एकेक नग म्हणजे अंगावर चार पत्रे आणि बाकी सगळं उघडं. पोट उघडं, मांड्या उघड्या, बाण लागायचा तर लागू दे. झीना, वंडर वुमन ह्यांच्या पोशाखांची ही सरळ सरळ टिंगल आहे. गेम खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पुरुष पात्राला डोक्यापासून पायापर्यंत लोखंड, बाईला बिकिनी, आणि ‘डिफेन्स’ मात्र दोघांना सारखाच.

हे सगळं नवीन आहे का? नाही. जपानमध्ये ओसामू तेझुकाने 1953 मध्ये ‘रिबन नो किशी’ सुरू केलं. राजकन्या सफायर जन्माला येताना एका खोडकर देवदूतामुळे तिला दोन हृदयं मिळतात, मुलाचं आणि मुलीचं. राज्याचा वारस मुलगाच लागतो, म्हणून ती राजपुत्र बनून वाढते. तेझुका लहानाचा मोठा झाला ताकाराझुका शहरात. तिथल्या नाटक मंडळीत सगळ्या बायका, पुरुषांच्या भूमिकाही त्याच करतात. म्हणजे आपल्या बालगंधर्वांच्या बरोबर उलटं!

पण एक खटकतं. सफायरचं मुलाचं हृदय काढलं की तिची तलवारही ढिली पडते. म्हणजे शौर्य शेवटी मुलाच्याच खात्यावर. एड्रिएनला असलं उसनं हृदय लागत नाही. तिला तलवार धड चालवता येत नाही, ती शिकते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आणि आता तिचा भाऊ डेव्हिन. हळवा, कवी मनाचा. बापाला हवाय मर्द वारस. मुलीच्या हातात तलवार दिली की आपण टाळ्या वाजवतो, ते आता सोपं झालंय. मुलाच्या हातात कवितेची वही दिली की घरात शांतता पसरते. मला माहितीये, कारण मी बीटेक केलं, नोकरीला लागलो, आणि माझ्या लॅपटॉपवर ‘टॅक्स 2019’ नावाच्या फोल्डरमध्ये काय आहे ते बाबांना अजून माहीत नाही. (बाबा पॉडकास्ट ऐकत नाहीत. आई ऐकते. आई, प्लीज.)

वाचायचं असेल तर ‘प्रिन्सलेस’चा पहिला खंड घ्या, ‘सेव्ह युवरसेल्फ’. इंग्रजी सोपं आहे, दीड-दोन तासांत संपतो. समुद्री चाचे आवडत असतील तर त्यातूनच निघालेली रेव्हन नावाच्या चाचा-राजकुमारीची वेगळी मालिका आहे. पण आधी पहिला खंडच वाचा, आणि चिलखताच्या दुकानापर्यंत पोचलात की मला व्हॉइस नोट टाका.