पॅसेज इंग्रजीत, अडचण वाचण्यात

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीतल्या मुलांना भाषांचं वावडं नाही. घरात पोवारी नाहीतर हिंदी, शाळेत मराठी, बाजारात छत्तीसगढीही कानावर पडते. जिल्ह्याच्या एका अंगाला बालाघाट आहे, दुसऱ्या अंगाला राजनांदगाव. दिवसभरात दोन-तीन भाषांतून सहज ये-जा करणारी ही मुलं स्पर्धा परीक्षेतल्या इंग्रजी उताऱ्यापुढे मात्र बिचकतात. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, 'आमचं इंग्रजीच कच्चं.' हे अर्धंच खरं आहे. त्यावर सुचवले जाणारे उपाय, म्हणजे शब्दांच्या याद्या, वेगवाचनाचे कोर्स, रोजचा अग्रलेख, हे उरलेल्या अर्ध्याला हातही लावत नाहीत. यामागचे गैरसमज एकेक करून तपासू.

'इंग्रजीशिवाय कुठलीच परीक्षा नाही'

आधी जाहिरात आणि अभ्यासक्रम नीट पाहावा. गोंदिया हे रेल्वेचं मोठं जंक्शन, त्यामुळे रेल्वेच्या भरतीकडे डोळे लावून बसलेली मुलं इथे पुष्कळ. रेल्वेच्या एनटीपीसी परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात गणिताचे 30, बुद्धिमत्तेचे 30 आणि सामान्य ज्ञानाचे 40 प्रश्न असतात. इंग्रजीचा विभागच नाही आणि पेपर मराठीतूनही देता येतो. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत भाषा म्हणून मराठी व्याकरण असतं. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) जीडी कॉन्स्टेबल परीक्षेत इंग्रजी किंवा हिंदी यांतली एक भाषा निवडता येते. लहानपणापासून हिंदी बोलणाऱ्या मुलाने तिथे हट्टाने इंग्रजी का निवडावी, हे मला कळत नाही.

उलट 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते. एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यातही 25 असतात. आयबीपीएसच्या बँक पूर्वपरीक्षेत 30 आहेत आणि त्यांना वेगळी 20 मिनिटं मिळतात. यूपीएससीची पूर्वपरीक्षा मराठीत होतच नाही, प्रश्न हिंदीत आणि इंग्रजीत छापलेले असतात. एमपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, बहुतेक उतारे मराठी-इंग्रजी दोन्हींत असतात, पण इंग्रजीचं आकलन तपासणाऱ्या उताऱ्याचं भाषांतर दिलेलं नसतं. इतक्या वेगवेगळ्या मागण्या एकाच जाड पुस्तकातून भागवायला निघालेला विद्यार्थी थकणारच.

'आधी पाच हजार शब्द पाठ, मग उतारे'

सगळ्यात जास्त वेळ खाणारा गैरसमज हाच. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. हा आकडा ऐकून घाबरायला होतं, पण तो उलटा करून पाहा. तीनशे शब्दांच्या उताऱ्यात सहा शब्द अनोळखी असले तरी अडत नाही. शिवाय इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरले जाणारे सुमारे दोन हजार शब्द, त्यांच्या रूपांसकट, कुठल्याही साधारण मजकुराचा 80 टक्क्यांच्या आसपास भाग व्यापतात. म्हणजे आधी पक्के करायचे ते हे नेहमीचे शब्द. व्होकॅबच्या पुस्तकात मात्र उताऱ्यात क्वचितच भेटणाऱ्या शब्दांना मानाचं पान असतं.

नेहमीचे शब्द 'येतात' असं वाटतं, तिथेच घात होतो. 'चेक' म्हणजे तपासणं हे सगळ्यांना माहीत असतं, पण महागाई 'चेक' करायची तेव्हा तिला आळा घालायचा असतो. सरकार एखादा प्रश्न 'ॲड्रेस' करतं तेव्हा पत्त्याचा काही संबंध नसतो. 'हार्डली' पाहिलं की घाईत 'हार्ड' आठवतं आणि 'क्वचितच'च्या जागी 'मेहनतीने' असा अर्थ डोक्यात बसतो. वाक्याची दिशा फिरवणारे 'अनलेस', 'हाउएव्हर', 'ऑलदो' आणि दाव्याचं वजन कमी करणारे 'मे', 'लार्जली', 'ॲट बेस्ट' हे चिमुकले शब्द प्रश्न घडवतात. ते कुठल्याच यादीत पाठ करायला दिलेले नसतात.

'मराठीत उतारा असता तर सगळे मार्क आले असते'

करून पाहू. खालचा उतारा मीच रचला आहे, मुद्दाम ओळखीच्या विषयावर:

पूर्व विदर्भातले अनेक जुने मालगुजारी तलाव गाळाने भरले आहेत. गाळ काढल्यास तलावाची साठवण वाढते. मात्र ज्या गावांत पाणीवाटपाची जुनी व्यवस्था मोडली आहे, तिथे केवळ गाळ काढल्याने सिंचन वाढेलच असे नाही.

प्रश्न असा, की या उताऱ्यावरून काय अनुमान निघतं? पर्याय चार. एक, गाळ काढणं निरुपयोगी आहे. दोन, साठवण वाढली तरी सिंचन वाढण्याची सर्वत्र खात्री देता येत नाही. तीन, पाणीवाटप मोडल्यामुळे तलाव गाळाने भरले. चार, हे तलाव धानाच्या शेतीचा मोठा आधार आहेत.

चौथा पर्याय गोंदियाच्या मुलाला लगेच खुणावतो, कारण तो खरा आहे. मामा तलाव, म्हणजे हेच माजी मालगुजारी तलाव, त्याने पाहिलेले असतात, त्यांच्या पाण्यावरचं धानही पाहिलेलं असतं. पण उताऱ्यात धान कुठेच नाही. तिसऱ्या पर्यायात दोन खऱ्या गोष्टी 'मुळे' लावून जोडल्या आहेत, उताऱ्यात त्या फक्त शेजारी आहेत. पहिला पर्याय 'वाढेलच असे नाही' याचं 'वाढणार नाही' करून टाकतो. उत्तर दुसरं. त्यात 'सर्वत्र' हा शब्द आहे आणि उताऱ्यातही अट फक्त काही गावांपुरती आहे, म्हणून तो अचूक बसतो.

इथे इंग्रजीचा एक शब्द नव्हता, तरी चुकायला तीन जागा होत्या. इंग्रजी उताऱ्यात चुकणारी मुलं बहुतेकदा याच तीन जागी चुकतात: लेखकाच्या 'कदाचित'चं 'नक्की' करतात, शेजारच्या गोष्टींना कारण-परिणाम बनवतात, किंवा स्वतःला ठाऊक असलेलं उताऱ्यात घुसवतात. परीक्षा घेणाऱ्यांनाही हे माहीत आहे. उत्तरं केवळ उताऱ्याच्या आधारे द्यायची, अशी सूचना यूपीएससी उताऱ्यांच्या वर छापते. मुलं तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात.

हे कौशल्य मराठीतही शिकता येतं आणि त्याची सुरुवात मुळात तिथेच होते. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत भाषेच्या विभागात चार उतारे आणि 20 प्रश्न असतात, तेही निवडलेल्या भाषेत. नवेगावबांधच्या नवोदयासाठी पाचवीत ते उतारे सोडवलेल्या मुलाने आकलनाचा पहिला धडा केव्हाच गिरवलेला असतो. फक्त पुढे 'इंग्रजी' हा शब्द आला की तो धडा त्याला आठवत नाही.

'इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढे आपण टिकत नाही'

माध्यमाचा फायदा होतो, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण तो वाटतो तेवढा निर्णायक नसतो. 1988 मध्ये अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्यातल्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं त्यात वाचनात हुशार, पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषय माहीत असला की अनोळखी शब्दांचा अर्थही आपोआप लागतो.

परीक्षेतले उतारे कशावर असतात? शेती, जंगल, पाणी, हवामानबदल, आरोग्य, पंचायत, बाजारभाव. तेंदूपत्त्याचा हंगाम पाहिलेली, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांतल्या माणूस-वन्यप्राणी संघर्षाच्या तक्रारी ऐकून वाढलेली मुलगी वनहक्कावरचा उतारा वाचते, तेव्हा तिच्याकडे शहरातल्या मुलापेक्षा जास्त भांडवल असतं. अडचण एवढीच, की तेच भांडवल मघाच्या चौथ्या पर्यायाकडे ओढतं. उतारा समजून घेताना माहिती वापरायची, पर्याय निवडताना ती बाजूला ठेवायची. लिहायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात दर उत्तरापाशी 'हे कुठल्या ओळीत आहे?' असं स्वतःला विचारत राहणं, याला महिनोन्महिने लागतात.

'वेग वाढला की सगळं सुटेल'

वेगवाचनाच्या दाव्यांचा सविस्तर आढावा कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये घेतला. वेग खूप वाढवला की आकलन घटतं, यातून पळवाट नाही, असा त्याचा सारांश. मनातल्या मनात उच्चार करू नका, मागच्या ओळीवर परत जाऊ नका, हे वेगवाचनाचे लाडके सल्लेही टिकत नाहीत. चांगले वाचकसुद्धा अधूनमधून मागे जातात आणि त्यांना तसं करू दिलं नाही तर त्यांचं आकलन ढासळतं.

इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मिनिटाला सरासरी 238 शब्द या वेगाने मनात वाचतो. आपला वेग त्याच्या निम्मा, म्हणजे 120 धरू. तीनशे शब्दांच्या उताऱ्याला अडीच मिनिटं लागतील. सीसॅटमध्ये 80 प्रश्नांना 120 मिनिटं, म्हणजे पाच प्रश्नांच्या उताऱ्याला साडेसात मिनिटं मिळतात. पाच मिनिटं हातात उरतात. ती जातात कुठे? लक्ष न देता एकदा वाचलेला उतारा प्रत्येक प्रश्नासाठी पुन्हा पहिल्यापासून वाचण्यात. प्रश्न आधी वाचून उत्तराची ओळ शोधायची ही युक्ती आकडा किंवा नाव विचारलं असेल तर चालते. लेखकाचा मुख्य मुद्दा विचारला की ती कोलमडते, कारण तो एका ओळीत सापडत नाही.

एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात मात्र 100 प्रश्नांना 60 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 36 सेकंद. बँकेत इंग्रजीच्या प्रश्नाला 40. तिथे वेळ खरोखर कमी आहे आणि तो व्याकरणाचे, चूक ओळखण्याचे छोटे प्रश्न झटपट उरकून वाचवावा लागतो. या परीक्षा संगणकावर असतात हेही विसरलं जातं. कागदावर पेन्सिलीने अधोरेखित करायची सवय लागलेल्याला पडद्यावरचा उतारा परका वाटतो. आठवड्यातून काही उतारे तरी पडद्यावर सोडवावेत, मोबाइलच्या नको, जमल्यास अभ्यासिकेतल्या संगणकाच्या.

'सीसॅट काय, नुसता पास व्हायचा पेपर'

2014 मध्ये दिल्लीत सीसॅटविरोधात मोठं आंदोलन झालं. त्या वर्षी यूपीएससीच्या पेपरातले इंग्रजी आकलनाचे प्रश्न गुणांत धरले गेले नाहीत आणि 2015 पासून तो पेपर 33 टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला. एमपीएससीनेही 2022 मध्ये तोच मार्ग धरला. तेव्हापासून या पेपराला कुणी वेळ देत नाही.

हिशेब करा. 200 चे 33 टक्के म्हणजे 66. प्रश्नाला अडीच गुण, म्हणजे एकही चूक न करता 27 बरोबर हवेत. पण 60 प्रश्न सोडवले आणि त्यातले निम्मे चुकले, तर यूपीएससीच्या एक-तृतीयांश वजावटीने 50 गुण उरतात आणि एमपीएससीच्या एक-चतुर्थांश वजावटीने 56.25. दोन्हीकडे नापास, मग पहिल्या पेपरात कितीही गुण असोत. उतारे गणितापेक्षा सोपे म्हणून सगळे सोडवणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

'रोज इंग्रजी पेपर वाचा'

हा सल्ला वाईट नाही, पण नवख्याला तो फार लवकर दिला जातो. नागपूरहून येणाऱ्या 'हितवाद'चा अग्रलेख आधीच्या आठवडाभराच्या बातम्या वाचकाला ठाऊक आहेत असं धरून लिहिलेला असतो. सुरुवातीला हाताशी धरावी अशी चीज वेगळीच आहे आणि ती फुकट आहे. बालभारतीची इतिहास, भूगोल, विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत निघतात आणि त्यांच्या पीडीएफ संकेतस्थळावर मिळतात. आठवी-नववीच्या भूगोलाचा एखादा धडा आधी इंग्रजीत वाचावा, प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं मराठीत एका वाक्यात लिहावं आणि मगच मराठी पुस्तक उघडून ताडून पाहावं. 'काही भागांत'चं आपण 'सगळीकडे' केलं का, 'असू शकते'चं 'आहे' केलं का, हे लगेच दिसतं. शिकवणाऱ्याची गरजही पडत नाही.

त्यानंतर आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. बाजारातल्या टेस्ट सिरीजमधले बरेच उतारे घाईत रचलेले असतात आणि त्यांचे दोन-दोन पर्याय बरोबर वाटतात, तेव्हा त्यांच्यावरून स्वतःला जोखू नये. एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करते, तिच्यावर हरकती मागवते आणि मग अंतिम तालिका काढते. सरावाला अंतिम तालिकाच घ्यावी.