यंत्र थांबल्यानंतर पेशीत काय घडते

घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुरू झाले की पहिल्या दिवशी घरची माणसे जरा बुचकळ्यात पडतात. रुग्णाला जाळीच्या मास्कखाली टेबलावर झोपवतात, बाकीचे बाहेर जातात, यंत्र त्याच्याभोवती फिरते आणि दहा-पंधरा मिनिटांत तो चालत बाहेर येतो. दुखले नाही, भाजले नाही, गाठ होती तेवढीच. मग आज झाले तरी काय? पुष्कळ झालेले असते. ते दिसायला आठवडे लागतात, आणि त्यातला काही वाटा किरणांचा नसून रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींचा असतो.

आधी किरणांचे काम पाहू. मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. एक किलो ऊतकाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. घशाच्या कर्करोगात नेहमीचा आराखडा ७० ग्रेचा असतो: रोज २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे. हे सगळे ७० ग्रे एकदम पाण्याला दिले तरी त्याचे तापमान एका अंशाच्या साठाव्या भागाइतकेच वाढेल. म्हणजे पेशी उष्णतेने मरत नाहीत. किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून फ्री रॅडिकल तयार होतात आणि ते डीएनएवर घाव घालतात. काही घाव थेटही बसतात. एका ग्रेमध्ये पेशीतल्या डीएनएचा एकेरी पदर सुमारे हजार ठिकाणी तुटतो. एक पदर तुटला तर समोरच्या शाबूत पदराच्या आधाराने पेशी तो बिनचूक सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले की खरी पंचाईत होते, आणि असे घाव दर ग्रेमागे तीस-चाळीस असतात. निरोगी पेशी विभाजन थांबवून दुरुस्तीला लागते. कर्करोगाच्या पेशीत ही थांबण्याची यंत्रणाच बहुधा बिघडलेली असते. मात्रा रोज थोडी थोडी देण्यामागचे एक मोठे कारण हेच: मधल्या काळात निरोगी पेशी सावरतात.

घाव पक्का व्हायला ऑक्सिजन लागतो. गाठीच्या ज्या भागात तो पोहोचत नाही, तिथल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. डॉक्टर हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवतात आणि विडी-सिगारेट बंद करायला कळकळीने सांगतात, त्यामागे हेही कारण असते.

आता एका पेशीकडे जवळून पाहू. तुटलेला डीएनए घेऊन ती लगेच मरत नाही. तशीच विभाजनाला लागते. गुणसूत्रांचे काही तुकडे नव्या केंद्रकात पोहोचतच नाहीत, बाहेर राहतात. त्यांच्याभोवती एक कच्चे आवरण तयार होते. ते फाटले की डीएनए पेशीद्रव्यात उघडा पडतो. डीएनए तिथे असायला नको. एरवी तो तिथे आढळला तर विषाणू शिरला असे समजावे. त्यासाठीच सीगॅस नावाचे प्रथिन पहाऱ्यावर असते. ते स्टिंग नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागे करते आणि पेशी इंटरफेरॉन सोडू लागते. विषाणूविरुद्धची ही जुनी यंत्रणा इथे कर्करोगाविरुद्ध कामाला येते. मरणारी पेशी आणखीही खुणा करते: कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन तिच्या पृष्ठभागावर येते, एटीपी बाहेर झिरपतो. या खुणांवरून डेंड्रायटिक पेशी तिथे येतात, तिचे तुकडे गिळतात, लसिकाग्रंथीत नेतात आणि टी पेशींना शत्रूची ओळख पटवतात. त्या टी पेशी मग रक्तावाटे शरीरभर शोध घेऊ शकतात.

१९५३ मध्ये ब्रिटनच्या आर. एच. मोल यांनी, किरण एका जागी दिले असता दूरच्या जागी दिसणाऱ्या परिणामाला ‘अ‍ॅब्स्कोपल’ असे नाव दिले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मेलॅनोमा रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध चालू असताना पाठीच्या कण्याजवळच्या गाठीला किरण दिले, आणि किरण न लागलेल्या गाठीही आक्रसल्या. पण केवळ किरणांनी असे होणे फार दुर्मीळ आहे, हे स्पष्टच सांगायला हवे.

याचे कारण, किरणांचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. इंटरफेरॉनमुळेच गाठीच्या पेशींवर पीडी-एल१ हे प्रथिन वाढते, आणि ते टी पेशींना थोपवते. टीजीएफ-बीटा हे प्रथिन मोकळे होते, तेही त्यांना दडपते. शिवाय लिम्फोसाइट पेशी, ज्यांत टी पेशीही येतात, अगदी थोड्या किरणांनीही मरतात. मात्रेचेही तसेच आहे, जास्त म्हणजे चांगली असे नाही. उंदरांवरील प्रयोगांत ८ ग्रेच्या तीन मात्रांनी इम्युनोथेरपीला साथ दिली, २० ग्रेच्या एका मात्रेने दिली नाही. मोठ्या मात्रेने ट्रेक्स१ हे विकर वाढते आणि ते बाहेर पडलेला डीएनए खाऊन टाकते. मग इशारा द्यायला काही उरतच नाही.

किरण आणि इम्युनोथेरपीची जोडी फुप्फुसाच्या कर्करोगात जमली. तिसऱ्या टप्प्यातल्या, शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांना केमो-रेडिएशन पूर्ण झाल्यावर वर्षभर दुर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ५.६ महिन्यांवरून १६.८ महिन्यांवर गेला. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी ३३ टक्के. डोके-मानेच्या कर्करोगात मात्र केमो-रेडिएशनबरोबरच अव्हेलुमॅब हे तशाच प्रकारचे औषध सुरू करून पाहिले, तेव्हा फायदा झाला नाही. तिथे मानेतल्या लसिकाग्रंथींनाही किरण दिले जातात, म्हणजे टी पेशींना ओळख पटण्याची जागाच भाजून निघते. हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. माझ्या मते पुढचे मोठे काम औषध केव्हा द्यायचे आणि किरण नेमके कुठे टाळायचे, हे ठरवण्याचे आहे.

ज्यांच्या घरी आज हे उपचार चालू आहेत त्यांना दोन विनंत्या. लग्न, सण, गावची जत्रा यांसाठी मधले दिवस चुकवू नका. उरलेल्या पेशी खंडाच्या काळात जोमाने वाढतात आणि घशाच्या कर्करोगात प्रत्येक वाया गेलेला दिवस बरे होण्याची शक्यता कमी करतो. आणि प्रतिकारशक्ती वाढवतात म्हणून मोठ्या मात्रेच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या परस्पर सुरू करू नका. फ्री रॅडिकलनी ज्या पेशी मारायला हव्यात, त्यांनाच या गोळ्या वाचवू शकतात. काहीही घेण्याआधी आपल्या रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा.