बोस्टनचं बर्फाचं स्टेडियम आणि आमच्या वेल्ह्यातला दुधाचा कूलर

१४ डिसेंबर २०२५, रविवार. पहाटे साडेपाचला मी काकांबरोबर गावच्या डेअरीवर बसलो होतो. तोरण्याच्या पायथ्याला डिसेंबरात थंडी काय असते ते ट्रेकला आलेल्यांना माहीत असेल. किटल्या येत होत्या, काका फॅट बघत होते आणि मी हात खिशात घालून बसलो होतो. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर बोस्टनमधल्या आतेबहिणीचा व्हिडिओ आला. ती तिकडे नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत शिकते. व्हिडिओत पांढराशुभ्र बर्फ, त्यावर सरसर घसरणारी पोरं आणि वर गच्च भरलेली गॅलरी. खाली तिचा मेसेज होता, "इथली शेवटची मॅच. आता ही बिल्डिंग पाडणार."

काकांनी डोकावून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "एवढी माणसं आत बसलीत, त्यांच्या गरमीनं बर्फ वितळत कसा नाही?"

मित्रांनो, प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर आम्ही ज्या खोलीत बसलो होतो तिथेच होतं. म्हणून हा लेख.

आधी त्या इमारतीबद्दल. तिचं नाव मॅथ्यूज अरेना. १६ एप्रिल १९१० ला ती उघडली, तेव्हा नाव होतं बोस्टन अरेना. तेव्हा ती युनिव्हर्सिटीची नव्हती, शहरातला एक भाड्याने मिळणारा हॉल होता. १९१८ च्या डिसेंबरात आग लागून ती जळाली, पुन्हा बांधली आणि १९२१ मध्ये परत सुरू झाली. १ डिसेंबर १९२४ ला बोस्टन ब्रुइन्स हा संघ इथे पहिली मॅच खेळला. अमेरिकेच्या भूमीवरची एनएचएलची ती पहिली मॅच. एनएचएल म्हणजे आइस हॉकीचं आयपीएल समजा, फक्त खूप जुनं. पुढे १९४६ मध्ये बास्केटबॉलच्या बोस्टन सेल्टिक्सचा पहिला घरचा सामनाही इथेच झाला. १९५२ मध्ये बोस्टनच्या चार कॉलेजांची 'बीनपॉट' स्पर्धा इथे सुरू झाली. पुरुषोत्तम करंडकासाठी पुण्यातली कॉलेजं जशी वर्षभर ईर्ष्येने तयारी करतात, तसंच तिकडे या स्पर्धेचं आहे. १९७९ मध्ये नॉर्थईस्टर्नने ही इमारत विकत घेतली आणि १९८२ मध्ये जॉर्ज मॅथ्यूज या माजी विद्यार्थ्याचं नाव तिला दिलं. वापरात असलेली जगातली सगळ्यात जुनी बंदिस्त आइस हॉकी अरेना अशी तिची ओळख होती.

आता काकांचा प्रश्न. आपल्याला वाटतं की फ्रीज किंवा कूलर थंडी 'तयार करतो'. तसं काही नसतं. थंडी बनवता येत नाही, फक्त उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकता येते. विहिरीतून मोटेने पाणी उपसतात ना, तसा हा उष्णतेचा उपसा.

हे काम कोण करतं? सहज उकळणारं एखादं द्रव. अमोनियाच घ्या. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ३३ अंशांवरच उकळतो. कुठलंही द्रव उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, मग ते पातेल्यातलं पाणी असो नाहीतर नळीतला अमोनिया. उकळून झालेली वाफ कॉम्प्रेसर दाबतो, त्यामुळे ती तापते. ती बाहेरच्या जाळीत थंड होते, आणलेली उष्णता हवेत सोडते आणि परत द्रव बनते. मग एका बारीक व्हॉल्व्हमधून दाब कमी होऊन ती पुन्हा आत उकळायला जाते. घरातल्या फ्रीजच्या मागे हात लावून बघा, गरम लागेल. ती तुमच्या दुधाभाज्यांतली उष्णता आहे, त्यात थोडी कॉम्प्रेसरची स्वतःची.

गेमिंग फोनच्या जाहिरातीत 'व्हेपर चेंबर' हा शब्द ऐकला असेल. तिथेही हेच चालतं, प्रोसेसरजवळ थेंबभर द्रवाची वाफ होते आणि लांब जाऊन थंड होते. पण त्यात कॉम्प्रेसर नसतो. म्हणून तुमचा फोन खोलीच्या तापमानापेक्षा थंड कधीच होणार नाही, कंपनीने जाहिरातीत कितीही बर्फ दाखवू दे.

बर्फाच्या मैदानाखाली काँक्रीटचा थर असतो आणि त्यात जवळजवळ पुरलेल्या नळ्या. नळ्यांतून उणे ९-१० अंशांचं खारं पाणी फिरतं. क्षारामुळे ते गोठत नाही. त्या खाऱ्या पाण्याला थंड ठेवायचं काम मशीनरूममधला अमोनियाचा प्लँट करतो. काँक्रीटवर पाण्याचे पातळ थर एकावर एक मारतात आणि जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा बर्फ जमवतात. बस्स, तीनच. हजारो प्रेक्षकांच्या अंगाची उष्णता बर्फावर येत राहते आणि खालच्या नळ्या ती सतत उपसत राहतात. उपसा थांबला की मैदानाचं तळं झालं. यांत्रिक बर्फाचं असं पहिलं मैदान लंडनमध्ये १८७६ मध्ये झालं होतं, म्हणजे बोस्टनची इमारत उघडली तेव्हा ही युक्ती चौतीस वर्षांची होती.

(अमोनियाला कमी समजू नका. २०१७ मध्ये कॅनडातल्या फर्नी गावच्या रिंकमध्ये गळती होऊन तीन माणसं गेली. आपल्याकडच्या बर्फाच्या कारखान्याजवळून जाताना नाकात झोंबणारा वास येतो, तोही याचाच.)

गंमत अशी की यंत्रं यायच्या आधी बोस्टनचा बर्फ आपल्याकडे यायचा! तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात जमलेला बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी जहाजाने विकायचा. १८३३ मध्ये कलकत्त्याला पहिलं जहाज आलं. चार महिन्यांच्या प्रवासात १८० टनांपैकी सुमारे १०० टन शिल्लक राहिला होता. मग मुंबईतही आइस हाऊस झालं. पुढे इथेच बर्फाचे कारखाने निघाले आणि तो धंदा बसला.

आता आमच्या डेअरीचा संबंध. बर्फ सपाट करणारी ती मोठी गाडी आतेबहिणीच्या व्हिडिओत होती, तिला झांबोनी म्हणतात. फ्रँक झांबोनी हा कॅलिफोर्नियातला माणूस. तो आणि त्याचा भाऊ सुरुवातीला काय करायचे माहितीये? डेअऱ्यांमध्ये दूध थंड ठेवायची यंत्रं बसवायचे! नंतर त्यांनी बर्फाचा कारखाना टाकला. घरोघरी फ्रीज आल्यावर लाद्यांची मागणी घटली, तेव्हा त्यांनी १९४० मध्ये बर्फाचं मैदानच सुरू केलं. स्केटने खरवडलेला बर्फ नीट करायला तीन-चार माणसांना तासाहून जास्त वेळ लागायचा. १९४९ मध्ये फ्रँकने गाडी बनवली, ती वरचा थर खरवडते, धुते आणि गरम पाणी पसरते. हो, गरमच. गरम पाण्याने वरचा थर किंचित वितळतो आणि नवा थर त्याला घट्ट धरून बसतो.

हे वाचून काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे आपल्याच लायनीतला माणूस."

काकांना हा विषय जिव्हाळ्याचा आहे, कारण मागच्या पावसाळ्यात आमच्या कूलरमधलं दूध गेलं. संध्याकाळी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. वेल्ह्याच्या पावसात हे नवीन नाही. पण त्या रात्री जनरेटरही चालू होईना. चारशे लिटर दूध सकाळी टँकरवाल्याने परत केलं. कुणाचं पाच लिटर, कुणाचं बारा. एका आजींनी फक्त विचारलं, "मग ह्या आठवड्याचं बिल?" काकांना उत्तर देता आलं नाही.

मी हिशेब मांडला. चारशे लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला साधारण १४ युनिट उष्णता उपसावी लागते. वीज मात्र पाचेक युनिटच लागते, कारण कूलर उष्णता बनवत नाही, फक्त वाहून नेतो. बर्फाच्या मैदानात सुमारे ४७ हजार लिटर पाणी असतं. ते गोठवायला माझ्या अंदाजाने दोन-अडीच हजार युनिट वीज लागेल, आणि मग ते तसंच ठेवायला रोज वेगळी. या बिलामुळेच अशी मैदानं अडकतात. डेहराडूनला २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी मोठं बंदिस्त रिंक बांधलं, पण चालवायचा खर्च झेपेना आणि ते वर्षानुवर्षं बंद राहिलं. २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. बोस्टनची इमारत ११५ वर्षं चालली याचं मला म्हणूनच जास्त कौतुक वाटतं. तिच्या जागी नवी अरेना २०२८ मध्ये उघडायचं ठरलंय.

आणि आमचं? आइस बँक नावाचा एक प्रकार असतो. रात्री वीज असताना टाकीतल्या नळ्यांभोवती बर्फ जमवून ठेवायचा. नंतर वीज गेली तर बॅटरीवरचा छोटा पंप ते बर्फगार पाणी दुधाच्या टाकीभोवती फिरवतो. चारशे लिटरसाठी साधारण दीडशे किलो बर्फ पुरतो. काकांनी कोटेशन मागवलं. आकडा बघून ते जरा वेळ गप्प बसले, मग कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. सभासदांची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.