गंजलेल्या करवती आणि त्यांचे जतन

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा अनेक वृक्ष उन्मळून रस्त्यांवर व घरांवर पडले. अशा वेळी वाट मोकळी करणाऱ्या माणसांच्या हाती जे यंत्र गर्जत असते, ते आमच्या बहुतेक वाचकांस आता परिचयाचे झाले आहे. कोणी त्यास चेन-सॉ म्हणतात, कोणी नुसतेच कटर म्हणतात. आम्ही येथे त्यास साखळी करवत म्हणू. पेट्रोलवर चालणारे एक लहानसे इंजिन, त्याच्यापुढे पोलादाची एक लांब पट्टी आणि त्या पट्टीच्या कडेने वेगाने धावणारी दातेरी साखळी, एवढेच तिचे स्वरूप. आमच्या आजोबांच्या काळी ज्या खोडाशी दोन माणसे अर्धा दिवस झगडत, ते ती घटकाभरात दुभंगते.

परंतु आजच्या लेखाचा विषय ही नवी करवत नव्हे, तर तिच्या आज्या-पणज्या आहेत. जर्मनी, स्वीडन, कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने इत्यादी देशांत जुन्या, बंद पडलेल्या साखळी करवती शोधून काढण्याचा व त्या पुन्हा चालत्या करण्याचा छंद जडलेली पुष्कळ माणसे आहेत. त्यांत निवृत्त लाकूडतोडे आहेत, त्यांचे पुत्र व नातू आहेत, तसेच यंत्रकामाची आवड असलेले इतर कारागीरही आहेत. गोठ्याच्या कोपऱ्यात, माळ्यावर किंवा भंगाराच्या ढिगात पडलेले ते गंजके धूड ते घरी आणतात आणि आपल्या संध्याकाळी त्याच्या सेवेत घालवितात.

प्रथमदर्शनी हा छंद विचित्र वाटेल. जे यंत्र जड, कर्कश व धोक्याचे होते, ते जपावयाचे कशासाठी? आणि ज्याने अरण्येच्या अरण्ये आडवी केली, त्याचे कौतुक ख्रिस्ती माणसाने करावे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर देण्यापूर्वी या यंत्राची कुळकथा पाहणे अगत्याचे आहे.

वैद्याच्या हातून अरण्यात

दातेरी साखळीने कापण्याची कल्पना प्रथम लाकूडतोड्यास नव्हे, तर वैद्यास सुचली, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. 1830 च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने हाडे कापण्याचे एक हत्यार बनविले. हाताने दांडा फिरविला की एका पट्टीभोवती लहान दात्यांची साखळी फिरे. छिन्नी व हातोडीच्या घावांनी हाडाचे तुकडे उडत आणि रोग्याचे हाल होत. ते टाळावे हा त्याचा हेतू. म्हणजे या यंत्राचा उगम परोपकारात आहे.

अरण्यात ते पोहोचले ते सुमारे शंभर वर्षांनी. जर्मनीत आन्द्रेआस श्टील यांनी 1926 साली विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगिया प्रांतातील डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलच्या करवतीची परीक्षा घेतली व त्या डोंगराचेच नाव आपल्या मालास दिले. 1929 साली श्टील यांनीही पेट्रोलचे यंत्र काढले. त्याचे वजन 46 किलो होते! सिमेंटच्या पोत्याएवढे हे ओझे दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून उतारावरून वाहावयाचे, आणि तेही इंजिन धडधडत असता.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. मॅग्नेशियमसारख्या हलक्या धातूंचे ओतकाम सुधारले. जुन्या इंजिनास पेट्रोल पुरविणारा कार्बुरेटर तरंगत्या गोळ्याचा असे. यंत्र कलते केले की तो बिघडे. त्याच्या जागी लवचिक पडद्याचा कार्बुरेटर आला आणि करवत हवी तशी आडवी-उभी धरता येऊ लागली. 1949 साली अमेरिकेत मॅकलॉक कंपनीने सुमारे 11 किलोंची, एकट्याने चालविण्याजोगी करवत बाजारात आणली. श्टील यांची एकट्या माणसाची करवत 1950 साली 16 किलोंची होती; 1959 साली त्यांनी ‘कोन्ट्रा’ नावाची करवत काढली, तिचे वजन 12 किलो व शक्ती 6 अश्वशक्ती. 1929 च्या 46 किलोंच्या यंत्राची शक्तीही 6 अश्वशक्तीच होती! तीस वर्षांत शक्ती तीच राहिली आणि ओझे मात्र चौथ्या हिश्शावर आले. पुष्कळ संग्राहकांचा जीव याच काळातील करवतींवर जडलेला असतो.

किड्याने दिलेला धडा

या कथेत एक लहानसा प्रसंग असा आहे की तो आमच्या बालवाचकांनीही लक्षात ठेवावा. आरंभीच्या साखळ्यांचे दाते साध्या करवतीसारखे होते. ते लाकूड खरवडीत, लवकर बोथट होत आणि त्यांस वारंवार कानस लावावी लागे. 1946 साली अमेरिकेच्या ऑरेगन संस्थानात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडीत असता एका खोडाशी थबकला. त्या खोडात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी होती. कठीण लाकडातून ती रेषेच्या दिशेने व आडवी अशी सारख्याच सहजतेने वाट काढीत होती. कॉक्सने तिच्या जबड्यांचे निरीक्षण केले. ते आकड्यासारखे वाकडे असून डावीकडून व उजवीकडून आळीपाळीने लाकडाचे कपचे काढीत होते. त्याच नमुन्यावर त्याने आपल्या पोर्टलंड येथील घराच्या तळघरात पोलादी साखळी घडविली आणि 1947 साली ती विकावयास काढली. आज जगात चालणाऱ्या साखळ्यांचे दाते त्याच कल्पनेतून आलेले आहेत. परमेश्वराने एका क्षुद्र अळीच्या मुखात जी युक्ती ठेविली होती, ती पाहण्यास डोळस श्रमिक तेवढा हवा होता.

यंत्र पुन्हा श्वास कसे घेते

आता प्रत्यक्ष जीर्णोद्धाराकडे वळू. जुनी करवत हाती येताच उतावळा मनुष्य प्रथम तिची दोरी ओढतो. जाणता कारागीर तसे करीत नाही. वर्षानुवर्षे बंद असलेल्या सिलिंडरात गंज धरला असेल, तर एका हिसक्यासरशी आत ओरखडे पडावयाचे. म्हणून तो आधी प्लग काढतो, आत तेलाचे काही थेंब सोडतो व यंत्र दोन-चार दिवस तसेच राहू देतो. मग धूर बाहेर पडण्याचे तोंड उघडून तेथून पिस्टनची बाजू दिव्याच्या उजेडात न्याहाळतो. ती नितळ असेल, तर आशा बळकट. खोल उभे ओरखडे असतील, तर नवा पिस्टन शोधण्याची पायपीट आलीच.

त्यानंतर स्वच्छता. टाकीतील जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झालेला असतो. फटींतून तेलात भिजलेला भुसा दगडासारखा घट्ट बसलेला असतो. तो रॉकेल, ब्रश व लाकडी काडी यांनीच काढावा लागतो. येथे सावधगिरी अत्यावश्यक आहे. करवतीचे अंग बहुधा मॅग्नेशियमचे असते. त्याचा बारीक कीस चटकन पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकल्यास आग विझण्याऐवजी अधिकच भडकते. यास्तव अशा अंगास यंत्राने घासणे हा खेळ नव्हे.

मग इंजिनाच्या चाकाखाली दडलेले ठिणगीचे पॉइंट साफ करून त्यांतील अंतर नेमके बसवितात; ते अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. कार्बुरेटरातील पडदा वाळून कडक झालेला असतो, तो बदलतात. पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलतात, कारण आजच्या एथेनॉल-मिश्रित पेट्रोलापुढे जुन्या रबराचा निभाव लागत नाही. इंजिनाच्या दांड्याभोवतीची सीले फाटलेली असली, तर तेथून हवा आत शिरते, पेट्रोलाचे प्रमाण घटते व पिस्टन तापून जागीच चिकटतो. या इंजिनास वंगण वेगळे मिळत नाही. ते पेट्रोलातच मिसळावे लागते. जुन्या माहितीपुस्तकांत सोळा भाग पेट्रोलास एक भाग तेल असे प्रमाण आढळते. आजचे तेल पुष्कळ सुधारलेले असल्याने अनेक जण ते कमी करतात; तथापि तेल मुळीच न घालणे म्हणजे यंत्राचा घात होय.

प्रत्येक स्क्रू निघताच त्यावर खूण करून तो वेगळा ठेवणे, हा या कामाचा पहिला नियम. यावरून आम्हास एक मौजेची गोष्ट आठवते. वर सांगितलेल्या कंपनीचे संस्थापक रॉबर्ट मॅकलॉक यांनी 1968 साली चक्क लंडनचा जुना पूल विकत घेतला. त्याचे दगड क्रमांक घालून अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानात नेण्यात आले आणि 1971 साली लेक हवासू शहरी तो पूल पुन्हा उभा राहिला. आतला सांगाडा नव्या काँक्रीटचा, बाहेरचे दगड मात्र जुने! जुनी करवत सुधारणाऱ्याचीही हीच रीत असते. आतील रबर, नळ्या व सीले नवी. अंग मात्र मूळचेच.

या रीतीतून संग्राहकांमध्ये एक वादही उपजला आहे. काहींच्या मते करवत कारखान्यातून आली तशी नव्या रंगाने लखलखती करावी. इतरांच्या मते तिचे ओरखडे, पोचे व उडालेला रंग तसाच राखावा. आमचा कौल दुसऱ्या पक्षास आहे. ज्या मुठीवरचा रंग एका श्रमिकाच्या तळहाताने दहा हिवाळे घासून उडविला, ती मूठ पुन्हा रंगविणे म्हणजे त्याची सही पुसून टाकणे होय.

बोटांनी दिलेली किंमत

ती सही फुकट झालेली नव्हती. जुन्या करवतींत इंजिन व मूठ यांमध्ये काहीच आडपडदा नसे. इंजिनाचा प्रत्येक हादरा थेट बोटांत उतरे. थंड प्रदेशात अशी करवत वर्षानुवर्षे चालविणाऱ्यांच्या बोटांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडत. गारठा लागताच बोटे पांढरीफटक व बधिर होत. सदऱ्याचे बटण लावणेही जड जाई. कित्येकांस बहिरेपण आले. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला, तर करवत क्षणार्धात उसळून चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. अशा तडाख्याने कित्येक घरांचे कर्ते पुरुष जायबंदी झाले. 1960 च्या दशकात मुठीस हादरे शोषणारी रबरी बैठक आली आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी उसळी बसताच साखळी थांबविणारा ब्रेक आला. तोवरची किंमत श्रमिकांनीच मोजली होती.

म्हणूनच सुज्ञ संग्राहक जुन्या करवतीने झाड पाडीत नाही. ती चालू करून दाखवावयाची असेल, तर घट्ट बांधलेल्या ओंडक्यावर, प्रेक्षकांस दूर ठेवून, अंगावर संरक्षक साधने घालूनच. ज्या वाचकांच्या घरी आज नवी करवत आहे, त्यांसही आमचे कळकळीचे सांगणे आहे: डोळे, कान व पाय झाकल्यावाचून ती हाती घेऊ नका, खांद्याच्या वर उचलून चालवू नका, पट्टीच्या टोकाने कापू नका, आणि एकटे असता तर ती चालू करूच नका. घरी वाट पाहणाऱ्या मुलाबाळांची आठवण ठेवा.

जतन कशाचे?

आता आरंभीच्या प्रश्नांकडे येऊ. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली मानवी श्रमाविषयी लिहिलेल्या पत्रात यंत्रास माणसाचा मित्र म्हटले. परंतु तेच यंत्र कधी कधी जवळजवळ शत्रू बनते, असेही बजाविले. साखळी करवतीच्या बाबतीत हे दोन्ही खरे आहे. तिने लाकूडतोड्याच्या पाठीवरचे ओझे हलके केले आणि त्याची बोटेही घेतली. वादळात वाट मोकळी करणारी तीच, आणि लोभी हातांत डोंगर उघडा करणारीही तीच. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीविषयी लिहिलेल्या पत्रात वापरून फेकून देण्याच्या वृत्तीचा निषेध केला व अरण्यांच्या नाशाबद्दल शोक व्यक्त केला. जुने यंत्र भंगारातून वाचविणारा मनुष्य त्यांतील पहिला उपदेश तर पाळतोच. दुसराही त्याने विसरू नये.

या बाबतीत पवित्र सभेने एक सुंदर आदर्श पुढे ठेविला आहे. 1073 साली निधन पावलेले संत जॉन ग्वाल्बर्ट यांनी इटलीत फ्लॉरेन्सजवळ वालोंब्रोसा येथे मठ स्थापिला. तेथील मठवासीयांनी शतकानुशतके झाडे लाविली, वाढविली व तोडलीही. पण अरण्य टिकवूनच. 1951 साली पोप बारावे पायस यांनी या संतांस इटलीच्या वनरक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. झाड तोडणे हे पाप नव्हे. पुढील पिढीचे झाड न लाविता तोडणे हे पाप होय.

तेव्हा आमच्या मते जतन करावयाचे ते यंत्राच्या गर्जनेचे नव्हे, तर त्यामागील माणसाच्या स्मृतीचे. शुभवर्तमानात संत योसेफाचा एकही शब्द नोंदलेला नाही, आणि त्याच्या हाताचे एकही अवजार आज आपणापाशी नाही. तरी प्रभू येशूस लोक सुताराचा पुत्र म्हणून ओळखीत, इतके त्या श्रमाचे मोल होते. आपल्याही घरांच्या माळ्यांवर आजोबांची करवत, रंधा, वाकस अशी अवजारे पडली असतील. ती भंगारात देण्यापूर्वी एकदा खाली उतरवा, गंज काढून तेल लावा, आणि ती कोणी वापरली, तिने कोणते दार किंवा कोणती तुळई घडली, हे घरातील मुलांस सांगा.